पेटला का?

गळती शोधणारा माणूस हळूहळू संशयी होत जातो. रेजीसचंही तसंच झालं होतं. घरातला नळ, सायकलचं चाक, शेजारणीचं गोड हसू, कशावरही त्याचा पटकन विश्वास बसत नसे. डोळे झाकून विश्वास ठेवावा असं एकच माणूस त्याला उभ्या आयुष्यात भेटलं होतं, आणि ते माणूस येत्या शनिवारी कायमचं जपानला निघालं होतं.

द्युरांस नदीच्या काठी, ओकच्या झाडीमागे, तो प्रकल्प वर्षानुवर्षं उभा राहत होता. सूर्याच्या पोटात जे चालतं ते एका लोखंडी भांड्यात चालवून दाखवायचं आणि त्यातून वीज काढायची, एवढीच कल्पना. पण तिच्यापायी अर्धं जग कामाला लागलं होतं. एकेकट्या देशाने करायचं म्हटलं तर पिढ्या जातील, म्हणून सगळ्यांनी मिळून वाटून घेतलं. भांड्याचा तुकडा कोरियाचा, तारांची वेटोळी जपानची, बाहेरची टाकी भारताची. सगळं बोटीने यायचं आणि इथे फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या उन्हात एकमेकांना जुळायचं. जुळताना मात्र असे आढेवेढे घ्यायचं की ठरलेल्या लग्नात रुसलेले मामाही बरे. लवकर व्हावं म्हणून वाटून घेतलेलं काम, तरी एक पिढी त्यात म्हातारी झालीच होती.

रेजीस जवळच्याच विनों गावचा. आधी तो घरोघरी गॅसच्या नळ्या बसवायचा. बायको लिऑं शहरात निघून गेली तीही न भांडता, त्यामुळे नेमकं काय बिनसलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रकल्पावर त्याचं काम असं, की भांड्याच्या तुकड्याची सगळी तोंडं झाकणांनी बंद करायची, आतली हवा उपसून काढायची, आणि मग बाहेरून एकेका सांध्यावर हेलियमची बारीकशी फुंकर मारत जायचं. कुठे केसाएवढं भोक असलं तरी हेलियम आत घुसतो आणि खाली यंत्राच्या पडद्यावर रेघ उसळते. हेलियम हलका, वर चढणारा. म्हणून काम नेहमी वरून खाली. रेजीस शिडीवर नळी धरून, आणि खाली पडद्यासमोर मादाम नेमोतो.

कायोको नेमोतो जपानच्या नाका गावाहून आली होती, तिच्या देशाने पाठवलेल्या माणसांपैकी एक. वयाने रेजीसच्याच बरोबरीची. दिवसभरात ती त्याला दोनच शब्द ऐकवायची, “थांबा” आणि “पुढे”. थांबा म्हणजे श्वास रोखायचा, कारण रेघेला यायला वेळ लागतो. पुढे म्हणजे सांधा चोख. आता दोन शब्दांत असं काय असणार? पण नुसत्या ‘थांबा’वरून रेजीस ओळखायचा की आज हिला झोप लागली नाही, किंवा आज हिने सकाळी खाल्लेलं दिसत नाही, किंवा काल बापाशी बोलणं धड झालेलं नाही. हॉलमध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे. हे दोघं मात्र पहिल्या दिवशी तुम्ही-तुम्हीवर सुरू झाले आणि तिथेच राहिले. त्यावरून जेनोव्हाचा वेल्डर गुइदो त्यांना छळायचा.

“काय रे रेजीस, तुम्ही दोघं कामाला येता की राजदरबारात?”

“तुझं सांधणं राजाला दाखवण्यासारखं असतं तर दरबारच भरवला असता,” रेजीस म्हणायचा, आणि खालून मादाम नेमोतो हसू दाबत म्हणायची, “पुढे.”

तिचे वडील नाकामध्येच अशाच एका जुन्या यंत्रावर काम करायचे. ते यंत्र कधीच मोडीत निघालं, पण म्हाताऱ्याचं मन अजून तिथेच होतं. मुलगी फ्रान्सला निघाली तेव्हा ते म्हणाले होते, आमचा सूर्य काही धड पेटला नाही, तुमचा पेटला की मला आधी सांग. तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, “पेटला का?” आणि उत्तरही ठरलेलं, “अजून नाही, बाबा.” अलीकडे म्हातारा विसरायला लागला होता. त्यांच्याकडे थंडीत रताळी वाफवून उन्हात वाळवतात. ती ते मुलीला पाठवायचे, आणि पाठवल्याचं विसरून त्याच आठवड्यात पुन्हा पाठवायचे. मादाम नेमोतोच्या कपाटात रताळीच रताळी झाली होती. निम्मी रेजीस खायचा. बदल्यात तो अंजीर आणि बकरीच्या दुधाचं चीज आणायचा. हॉलबाहेरच्या बाकावर दोघं बसायचे, फार काही न बोलता. रेजीसच्या दिवसातला तो सगळ्यात चांगला भाग असायचा.

म्हाताऱ्याला आता एकटं ठेवता येणार नाही, असं नाकामधल्या शेजारणीने कळवलं आणि मादाम नेमोतोने परत जायचं ठरवलं. हातातल्या तुकड्याची शेवटची तपासणी गुरुवारी. ती नीट पार पडली की तिचं काम संपलं, शनिवारी विमान. रेजीस तिला म्हणाला, “बरं झालं, वडिलांना बरं वाटेल.” घरी जाऊन त्याने जेवणाचं ताट तसंच उचलून ठेवलं.

गुरुवारी सकाळी भांडं एकदम शांत होतं. रेजीस वर चढला, पहिल्या सांध्यावर फुंकर मारली. “पुढे.” दुसरा. “पुढे.” पण थोड्या वेळाने खालून आवाज आला, “थांबा.” आणि मग बराच वेळ काहीच आवाज नाही. रेजीसने वाकून पाहिलं. पडद्यावरची रेघ वर चालली होती, हळूहळू, पण न थांबता.

“पुन्हा मारा. तिथेच.”

त्याने मारली. मग खालच्या सांध्यावर, मग डावीकडच्या. रेघ चढतच राहिली. बातमी दाराबाहेर गेली, आणि पाठोपाठ इन्याकी धावत आला. हा स्पेनच्या बास्क भागातला उंच, काटकुळा माणूस प्रकल्पाचं वेळापत्रक सांभाळायचा. त्याच्या हातातल्या पाटीवर एकेका कामाची एकेक रंगीत पट्टी असायची. एखादी पट्टी पुढे सरकली की त्याच्या पोटात दुखायचं.

“गळती? आज? अरे सोमवारी हा तुकडा यंत्राच्या खड्ड्यात उतरायचाय! क्रेन ठरलीय! कोरियाची माणसं विमानात बसलीसुद्धा!”

“मग त्यांना खिडकीतून खाली बघायला सांग,” गुइदो म्हणाला. “आम्ही इथून हात हलवतो.”

“तुला चेष्टा सुचतेय? एक सांधा गळका निघाला तर सगळ्यांचं सगळं पुढे जातं! तुझं, माझं, जपानचं, भारताचं, सूर्याचंसुद्धा!”

“सूर्य थांबेल रे. त्याला सवय आहे.”

मादाम नेमोतो पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “गळती सापडेपर्यंत मला जाता येणार नाही. तिकीट पुढे ढकलावं लागेल.”

शिडीवर उभा असलेला रेजीस ते ऐकून चक्क हरखला. सगळ्या हॉलचे चेहरे पडलेले, इन्याकी डोकं धरून बसलेला, आणि या गृहस्थाच्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गळती शोधणं म्हणजे आठवडे. कधीकधी महिने. तो मन लावून फुंकर मारत राहिला, आणि प्रत्येक सांध्याला मनोमन विनवत राहिला की तू असलास तरी सापडू नकोस.

जेवणाच्या जरा आधी त्याचे हातमोजे फाटले. नवे काढायला तो कपडे बदलायच्या खोलीमागच्या अडगळीत गेला. दार उघडलं तर आत फुगेच फुगे. गुलाबी, पांढरे, त्यांच्यावर ‘शुभ प्रवास’ असं छापलेलं, आणि बरेचसे सुकलेल्या आलुबुखारासारखे सुरकुतलेले. शेजारी मानोस्क गावातल्या एका दुकानातून भाड्याने आणलेली छोटी टाकी. टाकीवर चिठ्ठी चिकटवलेली, इन्याकीच्या हातची: ‘कुणी हात लावू नये! नेमोतोंना कळू देऊ नये!’

टाकीच्या तोंडातून बारीक सूं सूं आवाज येत होता.

हेलियम. गळती तपासायच्या हॉलला लागून असलेल्या खोलीत हेलियमचे फुगे! इथे नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात की पोराच्या वाढदिवसाचा फुगासुद्धा दाराच्या आत आणायचा नाही. पण ज्याचा जन्म पट्ट्या सरकवण्यात गेला, त्याला हॉलच्या आत काय चालतं याची आठवण कोण करून देणार? काल संध्याकाळी हा बिचारा प्रेमाने इथे बसून फुगे भरत राहिला असणार, आणि जाताना टाकीचा व्हॉल्व्ह अर्धवट पिळला असणार. या खोलीतली हवा पंखा ओढून हॉलमध्ये टाकतो. रात्रभर हेलियम तिकडे जात राहिला, झाकणांच्या रबरात मुरला, आणि आता रबरातून आत झिरपत होता. सांधे सगळे चोख होते. गळती नव्हतीच.

रेजीसने व्हॉल्व्हवर हात ठेवला. नुसती बोटं वळवायची होती. हे त्याने आयुष्यभर केलेलं काम होतं; कुठे गॅसचा आवाज आला की त्याचा हात डोक्याला न विचारता तिकडे जायचा. आज डोकं मध्ये आलं. व्हॉल्व्ह बंद झाला की रेघ उतरणार, रेघ उतरली की तुकडा खड्ड्यात, आणि कायोको नेमोतो विमानात.

त्याने हात काढून घेतला, नवे मोजे घेतले आणि दार लावून निघून आला.

बाहेर बाकावर त्याने चीज कापलं, अंजीर मांडले. ती जरा लांब ओकखाली उभी राहून फोनवर बोलत होती. नाकामध्ये तेव्हा संध्याकाळ झालेली असते. रेजीसला जपानी येत नव्हतं, पण त्या प्रश्नाचं उत्तर कसं ऐकू येतं ते त्याच्या कानाला ओळखीचं झालं होतं. उत्तर झालं. मग ती आणखी थोडं बोलली, आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. बाकावर येऊन बसली तेव्हा तिने अंजिराला हात लावला नाही.

“बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. पेटला का विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. मग म्हटलं, शनिवारी निघायला जमणार नाही, गळती निघालीय. तर म्हणाले, हो हो, काम आधी.” तिने फोन बाकावर ठेवला. “मग म्हणाले, माझी मुलगीही तिकडेच कुठेतरी कामाला असते. शनिवारी निघायचीय ती. तुमची ओळख असेल तर तिला निरोप द्या, मी स्टेशनवर न्यायला येतो म्हणावं.”

रेजीसने सुरी खाली ठेवली.

“मला ओळखलंच नाही त्यांनी,” ती म्हणाली. “पण शनिवार लक्षात आहे.”

रेजीसला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. नाका स्टेशनवर एक म्हातारा रविवारी उभा राहणार होता, आणि याने त्याची मुलगी एका उघड्या व्हॉल्व्हला बांधून ठेवली होती. तो उठला. अडगळीत जाऊन त्याने व्हॉल्व्ह करकचून पिळला. टाकी आणि फुगे मागच्या दाराने बाहेर काढून आपल्या गाडीत कोंबले. वाटेत इन्याकी आडवा आला. रेजीसच्या दोन्ही हातांत गुलाबी फुगे बघून त्याचा चेहरा आधी रागावला, मग गोंधळला, आणि मग समजल्यावर अगदी पांढराफटक पडला.

“मी?” तो म्हणाला. “मीच?”

“हो बाबा, तूच. आता रडू नकोस, गाडीचं दार उघड.”

मग रेजीस हॉलमध्ये गेला. मादाम नेमोतो पुन्हा पडद्यासमोर बसली होती.

“गळती नाही,” तो म्हणाला. “फुगे होते. अडगळीत. हेलियमची टाकी उघडी राहिली होती, आता बंद केली.”

तिने मान वर केली.

“आणि मी ती जेवणाआधीच पाहिली होती. तशीच ठेवली.”

“का?”

“तुम्ही जाल म्हणून.”

चार वर्षांत जे शिडीवरून खाली उतरलं नव्हतं ते असं एका वाक्यात, उभ्या उभ्या बोलून झालं. तो वाट बघत राहिला. मादाम नेमोतो पडद्याकडे वळली. “पंखे पूर्ण सोडायला सांगा,” ती म्हणाली. “हॉल मोकळा होऊ दे.” संध्याकाळपर्यंत रेघ खाली येऊन आडवी पडली. राहिलेले सांधे तपासताना ती नुसतं “पुढे” म्हणत होती, आणि त्या शब्दावरून रेजीसला पहिल्यांदाच काही ओळखता येईना.

शुक्रवारी कॅन्टीनच्या अंगणात निरोपाचा कार्यक्रम झाला. फुगे आणायचेच म्हणून इन्याकीने आणले, सुकलेले, आणि गुइदोने त्यातला एक त्याच्या पट्ट्याला मागून बांधला. तो दुपारभर ते शेपूट घेऊन हिंडला. मादाम नेमोतो सगळ्यांना वाकून नमस्कार करत फिरली. रेजीसलाही तिने तेवढंच वाकून केला. ते त्याच्या फार मनाला लागलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं.

शनिवारी पहाटे तिला विमानतळावर सोडायला तोच निघाला, आणि वाटभर रस्ता आणि नदी सोडून कुठेही बघेना. तिचं सामान उतरवून झालं तेव्हा तिने वाळवलेल्या रताळ्यांची उरलेली पिशवी त्याच्या हातात दिली.

“बाबा विचारणारच,” ती म्हणाली. “पेटला का म्हणून. तिकडे गेल्यावर मी कुणाला विचारू? रविवारी तुम्हाला फोन केला तर चालेल?”

“चालेल,” रेजीस म्हणाला. त्याला आणखी बरंच म्हणायचं होतं. पण मागची गाडी भोंगा वाजवत होती आणि ती दारातून आत गेलीसुद्धा.

पहिल्याच रविवारी दुपारी फोन आला. शेजारणीने म्हाताऱ्याला स्टेशनवर आणलं होतं. त्यांनी मुलीला लांबूनच ओळखलं. आधी तिची बॅग हातात घेतली, आणि मग तो प्रश्न विचारला. “तर, पेटला का?” तिने रेजीसला विचारलं. “अजून नाही,” रेजीस म्हणाला. तिने तिकडे तोंड करून सांगितलं, आणि मागे एक म्हातारा आवाज काहीतरी पुटपुटला, राग नसलेला.

मग दर रविवारी तेच. तुकडा खड्ड्यात उतरला, दुसरा आला, तिसऱ्याच्या कडा जुळेनात, गुइदो घरी परतला, इन्याकीच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा पुढे सरकल्या. रविवारी रेजीस लवकर जेवून घ्यायचा, दाढी करायचा. फोनवर बोलायला दाढी कशाला, असं शेजारणीने विचारलं तर तो म्हणाला, चुरचुरते म्हणून. फोनवर रताळ्यांचं बोलणं व्हायचं, बदामाच्या फुलांचं व्हायचं, आणि शेवटी तो प्रश्न. गुरुवारच्या फुग्यांचं कधीच निघालं नाही.

एका शरद ऋतूत ती म्हणाली, “रेजीस-सान, बाबा परवा गेले.”

“मी तिथे असायला हवा होतो,” एवढंच तो म्हणाला.

“शेवटच्या दिवशीही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, हो बाबा, पेटला. म्हणाले, कसा दिसतो? म्हटलं, फिका गुलाबी. खूप हसले.” मग तिला रडू आलं, आणि रेजीस रिसीव्हर कानाला लावून ते शेवटपर्यंत ऐकत राहिला.

पुढच्या रविवारी त्याने दाढी केली नाही. विचारणारा माणूस गेला होता, त्याला उत्तरही मिळालं होतं. आता फोन कशाला येईल? त्याने कपाटातून जुनी पिशवी काढली. तळाशी रताळ्याचा एक तुकडा राहिला होता, दगडासारखा. तो तोंडात धरून तो खिडकीत बसला. टेकडीमागे प्रकल्पाची पांढरी इमारत उन्हात दिसत होती. आणि फोन वाजला.

“एक सांगायचं राहून गेलं होतं,” नेमस्त, नेहमीच्या आवाजात ती म्हणाली. “त्या गुरुवारचं.”

रेजीसने तोंडातलं रताळं काढलं.

“खरी गळती असेल तर तुम्ही नळी धरली की रेघ उसळते, काढली की पडते. त्या दिवशी ती तुमच्या नळीकडे बघतही नव्हती. नुसती आपली चढत होती. मला सकाळीच कळलं होतं, सांधे चोख आहेत.”

“मग मला शिडीवर कशाला नाचवलंत? तिकीट पुढे ढकलते म्हणालात ते?”

“मी विचारलं तेव्हा तुम्ही कारण सांगितलंत,” ती म्हणाली. “माझंही तेच होतं. तुम्ही बोलून मोकळे झालात. मला नाही जमलं.”

नाकामध्ये कुठेतरी कुत्रं भुंकलं, ते विनोंच्या खिडकीत ऐकू आलं. रेजीसला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते, आणि दोन्हींतलं काहीही त्याला थोपवायचं नव्हतं.

“बरं,” ती म्हणाली. “पेटला का?”

त्याने टेकडीकडे पाहिलं. तो पेटावा असं त्याला मनापासून वाटत होतं, आपल्या डोळ्यांदेखत पेटावा. फक्त आज नको, आणि कुठल्याच रविवारी नको.

“अजून नाही,” तो म्हणाला.

“मग पुढच्या रविवारी विचारते.”

“विचारा.”

पण फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.